अंतर भूमितीचं, वेळ वाऱ्याची

मुंबई – सान फ्रान्सिस्को. १३,५०० किलोमीटर. १६ तास.

रसग्रहणासाठी निवडलेला मजकूर एवढाच. कुणी म्हणेल, ही तर चौकशीच्या खिडकीवरची माहिती; यात रस कसला? पण रेल्वेचं वेळापत्रक कादंबरीसारखं वाचणारी माणसं असतात आणि मी त्यातलाच. वाचता वाचता या ओळीतली गंमत ध्यानात येते. हे दोन आकडे शेजारी शेजारी बसलेत खरे, पण त्यांची आपसांत धड ओळखही नाही. १३,५०० किलोमीटर हे अंतर या दोन गावांमध्ये कुठलंही विमान जसंच्या तसं उडत नाही. आणि १६ तास हा आकडा कुठल्याही नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. पहिला भूमितीने दिलाय. दुसरा वाऱ्याने, डोंगरांनी, परराष्ट्र खात्यांनी आणि इंधनाच्या टाकीने मिळून ठरवलाय. पहिल्याला दुसऱ्याने भागून जो वेग येतो, तो त्या विमानाचा खरा वेग नव्हेच. मला रस आहे तो या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत.

आधी पहिला आकडा पाहू.

विमानतळ काही बिंदू नसतो. मुंबईचा तर विलेपार्ल्यापासून मरोळपर्यंत ऐसपैस पसरलेला. म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याच्या आसपास. मुंबईचा १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. सान फ्रान्सिस्कोचा ३७ अंश ३७ मिनिटं उत्तर, १२२ अंश २३ मिनिटं पश्चिम. डोंबिवलीहून विमानतळ गाठायला तुम्हाला अडीच तास लागले काय किंवा तिकडे उतरल्यावर मुलीच्या घरी पोचायला आणखी तासभर गेला काय, या आकड्याला त्याचं सोयरसुतक नाही. दोन बिंदू, आणि त्यांच्यामधून पृथ्वीच्या पाठीवर काढता येणारी सर्वांत आखूड रेघ.

ही रेघ कुठून जाते हे पाहण्यासारखं आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर या दोन गावांमध्ये दोरा ताणून पाहा. अमेरिका म्हटली की आपलं मन अरबी समुद्राकडे तोंड करतं. दोरा मात्र पश्चिमेला जात नाही, पूर्वेलाही फारसा नाही. मुंबईतून तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, जेमतेम १४ अंश उजवीकडे कललेला. शाळेत शिकलेल्या साइन-कोसाइनवर ही रेघ घरबसल्या आखता येते, आणि मला तो नाद आहे. रेघेवरची गावं अशी लागतात: चितोडगड, हिस्सार, लेह. तिन्ही दहा-पंधरा किलोमीटरच्या फरकाने का होईना, रेघेखालीच. मुंबईहून कॅलिफोर्नियाला जाणारी सर्वांत जवळची वाट चितोडगडावरून जाते, हे वाक्य कुणाला सांगितलं तर तो आधी आपल्याकडे संशयाने पाहतो. लेहनंतर काराकोरम, मग चीनचा शिनज्यांग, कझाकस्तानची कड, सायबेरिया. आर्क्टिक महासागरात ७६ अंश उत्तरेच्या थोडं वर जाऊन ती वळते. तिथून उत्तर ध्रुव उरतो साधारण दीड हजार किलोमीटर. मग ती उतरते ती थेट अलास्काच्या टोकावरच्या उत्कियाविक गावापाशी. पूर्वीचं बॅरो, अमेरिकेतलं सर्वांत उत्तरेचं गाव. तिथून अलास्का-कॅनडाची सीमा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सान फ्रान्सिस्को. म्हणजे अमेरिकेत प्रवेश वरच्या दाराने.

विमानातल्या पडद्यावर मात्र हीच रेघ कमानीसारखी वाकडी दिसते, कारण सपाट नकाशा गोलाची वाट सरळ दाखवूच शकत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा ती कमान बघून मला विचारलं होतं, “अहो, याला सरळ नाही का जाता येत?”

म्हटलं, “काकू, हेच सरळ.”

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी हवाई सुंदरीलाही विचारून खात्री करून घेतली.

एक बारीक खोच अजून आहे. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. हा एकवीस किलोमीटरचा चपटेपणा हिशेबात धरला की आकडा थोडा हलतो, आणि म्हणून दोन ठिकाणी दिलेलं एकच अंतर काही किलोमीटरांनी वेगळं सापडतं. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांसाठी जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा आकार वापरला जात असे. शिखराला ज्याचं नाव आहे तोच हा गृहस्थ. पृथ्वीचा आकार नेमका किती चपटा, यासाठी माणसं हिंदुस्थानभर साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन फिरली, आणि त्या सगळ्या खटाटोपाचा वारसा आज तिकिटाच्या ओळीत एका आकड्यापुरता उरलाय. असो. पहिल्या आकड्याबद्दल यापेक्षा जास्त बोलण्यासारखं नाही. तो सुबक आहे, नेमका आहे आणि बदलत नाही. अशी माणसं जशी लवकर कंटाळवाणी होतात तसा तोही होतो.

दुसरा आकडा मात्र नखरेल. त्याच्या आधी घड्याळं वाचायला लागतात.

एअर इंडियाने २०२२ च्या डिसेंबरात ही थेट सेवा सुरू केली तेव्हाचं वेळापत्रक साधारण असं होतं: मुंबईहून दुपारी अडीचच्या सुमारास निघायचं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तिकडे उतरायचं. घड्याळावर गेलं तर अमेरिका अडीच तासांवर; मुंबई-पुणे घाटात गाडी अडकली तर एवढा वेळ सहज जातो. परतीचं विमान रात्री नऊच्या सुमारास निघणार आणि पहाटे पावणेचारच्या आसपास मुंबईत, पण वेळेच्या डोक्यावर ‘+२’. म्हणजे तारीख दोनने पुढे. घड्याळाच्या हिशेबाने पावणेएकतीस तास.

इथे वाचकासाठी एक क्लृप्ती आहे. जाण्याचे अडीच आणि येण्याचे पावणेएकतीस यांची बेरीज करा आणि निम्मे करा. दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक एकदा वजा होतो, एकदा मिळवला जातो, आणि आपोआप उडून जातो. हातात येतात साडेसोळा तासांच्या थोडं वर. हा त्या प्रवासाचा खरा सरासरी वेळ. कुठल्या देशाचं घड्याळ किती पुढे हे माहीत नसलं तरी चालतं. आणि माहीत असेल, म्हणजे हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक, तर जाताना सोळा आणि येताना सव्वासतरा तास असं फोडूनही घेता येतं. अंतर दोन्ही वेळा तेच, वेळेत मात्र सव्वा तासाची तफावत. इथे वारा पहिल्यांदा दारावर टकटक करतो.

त्या साडेतेरा तासांतला अर्धा तासही वाचून घ्यावा. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, पण मुंबईने ती मुकाट्याने स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, आणि ‘बॉम्बे टाइम’ने चालणारी घड्याळं या शहरात १९५५ पर्यंत होती. एकाच गावात एकोणचाळीस मिनिटांची फूट. त्या काळात कुणाला विमानतळावर ‘अडीचला या’ असं सांगितलं असतं तर ‘कुणाच्या अडीचला?’ असं विचारावं लागलं असतं.

आता १६ तास म्हणजे नक्की कुठपासून कुठपर्यंत? चाकं धावपट्टी सोडतात तेव्हापासून नव्हे. विमान उभं असताना चाकांना लावलेली अडण, ज्यांना विमानतळावर ‘चॉक्स’ म्हणतात, ती काढली की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा चॉक्स लागले की थांबतं. हा ‘ब्लॉक टाइम’. यात मुंबईच्या टॅक्सीवेवर रांगेत उभं राहणं आलं. दोन धावपट्ट्या असूनही त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि तशाही अवस्थेत दिवसाला नऊशेहून जास्त विमानं हाताळायची, ही मुंबईची तऱ्हा; त्यामुळे ती रांग आलीच. कंपनी वेळापत्रकात थोडा हात राखूनही वेळ लिहिते, म्हणजे उशिरा निघूनही ‘वेळेवर पोचलो’ असं अभिमानाने सांगता येतं. एस.टी.च्या कंट्रोलरलाही ही विद्या अवगत असते.

सगळं धरून भागाकार करू. १३,५०० भागिले १६ म्हणजे तासाला ८४४ किलोमीटर. बोइंग ७७७ उड्डाणाच्या नेहमीच्या उंचीवर शांत हवेत तासाला ८९० च्या आसपास चालतं. ८४४ हा वेग एका अर्थी कुठेच नसतो: विमान टॅक्सीवेवर चालत होतं तेव्हा नव्हता, हवेत होता तो वेगळा आणि खाली जमिनीवरून मोजला तर आणखी वेगळा. ८४४ आणि ८९० मधली तफावत फार मोठी वाटत नाही. पण ती एवढीच का, हे कोडं आहे. कारण विमान त्या चितोडगड-लेहच्या रेघेवरून जातच नाही.

का जात नाही, याचं उत्तर लेहमध्येच आहे.

विमानाच्या आतली हवा अचानक गेली, तर डोक्यावरून पिवळे मुखवटे खाली येतात. त्यातला ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान दहा हजार फुटांच्या आसपास खाली आणायचं, म्हणजे माणसं साध्या हवेवर श्वास घेऊ शकतील, असा नियम. आता लेहचा विमानतळच समुद्रसपाटीपासून १०,६०० फुटांच्या वर आहे. खोऱ्यातला विमानतळ ही पातळी ओलांडतो, मग पलीकडचं काराकोरम आणि तिबेटचं पठार यांची काय कथा. तिथे खाली यायला खाली जागाच नाही. जादा ऑक्सिजन बाळगून त्या पठाराच्या काही भागांवरून जाता येतं, पण सरसकट नाही. त्यामुळे हिमालयाला वळसा घालावा लागतो: पश्चिमेने पाकिस्तान-अफगाणिस्तानवरून, किंवा पूर्वेने म्यानमार-चीनवरून. भूमितीने आखलेल्या रेघेवर भूगोलाने अशी पहिली फुली मारली.

आणि वळसाच घालायचा, तर मग तो सोयीच्या बाजूने का घालू नये? इथून पुढे या ओळीचा खरा नायक रंगमंचावर येतो.

तातेनो हे जपानमधलं त्सुकुबाजवळचं एक ठिकाण. तिथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हा हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडायचा. फुगा वर जातो, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा माग ठेवायचा, दर मिनिटाला कोन टिपायचा, आणि त्यावरून कुठल्या उंचीवर वारा किती याचा तक्ता करायचा. हे त्याने वर्षानुवर्षं केलं. थंडीच्या दिवसांत फुगा एका उंचीच्या वर गेला की पूर्वेकडे असा काही सुटायचा की ओइशीचे आकडे कुणाच्याही विश्वासापलीकडे जात. जमिनीवरची सोसाट्याची वावटळ तिथल्या नेहमीच्या वाऱ्यापुढे किरकोळ वाटावी. जगाने हे वाचावं म्हणून १९२६ मध्ये त्याने आपला अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत. सगळ्या जगाला कळावी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला, आणि म्हणूनच तो कुणीही वाचला नाही. विज्ञानाच्या इतिहासात इतका निरागस विनोद मला दुसरा ठाऊक नाही.

पुढचा भाग निरागस नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं टोकियोवर आली तेव्हा त्यांना कळेना की आपण इतके भरकटतोय का. वाऱ्याच्या तोंडावर गेलं तर विमान जागच्या जागी उभं असल्यासारखं, आणि वाऱ्याबरोबर गेलं तर बॉम्ब भलतीकडे. उलट जपान्यांनी हाच वारा वापरून कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून प्रशांत महासागरापलीकडे सोडले, सुमारे नऊ हजार. वैमानिक नाही, इंजिन नाही, तरी दोन-तीन दिवसांत त्यातले काही अमेरिकेत पोचले. १९४५ च्या मे महिन्यात ओरेगन राज्यातल्या ब्लाय गावाजवळ त्यातल्या एकाने एक गर्भवती बाई आणि पाच मुलं असे सहा जीव घेतले. तोच वारा, तेच दोन किनारे. आज त्याच वाऱ्यावर आपली माणसं मेतकूट आणि गोडा मसाला बॅगेत घालून नातवंडांना भेटायला जातात.

या वाऱ्याला आपण जेट स्ट्रीम म्हणतो. मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘झोतवारे’ असाही शब्द येतो. मॉन्सूनच्या बातम्या लक्ष देऊन वाचणाऱ्यांना तो परका नाही. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून वाहते. उन्हाळ्याअखेर ती तिबेटच्या उत्तरेला सरकली की मॉन्सूनला वाट मोकळी होते. जपानजवळ मात्र हिवाळ्यात या वाऱ्याला असा काही जोर चढतो की तासाला अडीचशे-तीनशे किलोमीटर ही गोष्ट तिथे नवलाची नाही.

आता २०१६ च्या ऑक्टोबरातली एक घटना. एअर इंडियाचं दिल्ली-सान फ्रान्सिस्को विमान त्याआधी युरोपवरून, अटलांटिक ओलांडून जात असे: १३,९०० किलोमीटर, सुमारे साडेसोळा तास. १६ ऑक्टोबरला त्यांनी ते उलट्या बाजूने, चीन-जपानवरून प्रशांत महासागर ओलांडून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ साडेचौदा तास, म्हणजे दोन तास कमी.

हे माझ्या मते विमानप्रवासाच्या साहित्यातलं सर्वांत सुंदर वाक्य आहे: वाट लांबली आणि प्रवास आखडला. ते नुसतं ऐकून सोडून देऊ नये. १५,३०० ला साडेचौदाने भागलं तर तासाला १,०५५ किलोमीटर येतात. विमान स्वतःच्या बळावर ८९० च्या आसपासच चालत होतं. उरलेले दीडशेहून जास्त वाऱ्याचे. विमानाचा नियोजन कक्ष हे दुसऱ्या रीतीने मांडतो. तिथे जमिनीवरचे मैल वेगळे आणि हवेतले मैल वेगळे धरतात. भर पुरात कृष्णेच्या प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याने हात-पाय थोडे मारले तरी काठावरची देवळं भराभर मागे जातात. त्याने पाणी किती कापलं आणि काठ किती मागे टाकला हे दोन आकडे निराळेच. तसं या विमानाने साडेचौदा तासांत हवा कापली ती ढोबळमानाने १२,९०० किलोमीटर. बाकीचे दोन हजारांहून जास्त किलोमीटर हवेने उचलून नेलं, फुकट.

आणि आता तो पहिला, भूमितीचा आकडा आठवा. दिल्ली-सान फ्रान्सिस्को हे सरळ रेघेचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. म्हणजे जमिनीवरून मोजलं तर जवळपास तीन हजार किलोमीटर आडवाटेने गेलेलं विमान, हवेतून मोजलं तर त्या आखूड रेघेच्या पाचशे किलोमीटर इतकं जवळ आलं. फुल्या मारून मोडलेली भूमितीची रेघ वाऱ्याने दुसऱ्याच वाटेवर जवळजवळ जोडून दिली.

त्या दिवशीच्या प्रवाशांना वरताण आणखी एक गंमत मिळाली. विमान दिल्लीहून निघालं ते रविवारी पहाटे. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि शनिवार लागला. मग मध्यरात्र झाली, पुन्हा रविवार, आणि त्याच रविवारी सकाळी ते सान फ्रान्सिस्कोत उतरले. एकाच रविवारच्या दोन पहाटा, मधे शनिवारची संध्याकाळ. संकष्टीचा उपास असता तर चंद्रोदय कुठला धरायचा, यावर पंचांगकर्त्यांची सभा बोलवावी लागली असती.

परतीचा प्रवास ही याच कवितेची दुसरी, कठीण ओळ. येताना तोच वारा तोंडावर. म्हणून येताना प्रशांत महासागराच्या मधल्या वाटेकडे फिरकायचंच नाही. उत्तरेला, जितकं वर जाता येईल तितकं जायचं, जिथे तो झोत कमी लागतो. २०२१ च्या जानेवारीत सान फ्रान्सिस्को-बंगळुरू हे विमान ध्रुवप्रदेशावरून आलं. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर, प्रवास सतरा तासांच्या आसपास. कप्तान झोया अगरवाल, आणि चालकांच्या कक्षात सगळ्या महिला. निघाले ९ तारखेला रात्री साडेआठला, बंगळुरूला टेकले ११ तारखेच्या पहाटे. विमान निघालं तेव्हा भारतात १० तारखेचे सकाळचे दहा वाजलेले होते. त्या दिवसाची सकाळ त्यांनी कुठल्याच आकाशात पाहिली नाही. ऐन जानेवारीत ध्रुवावर सूर्य उगवतच नाही, हे वेगळंच.

या वाटेवर अडचण वेगळी. बाहेरची हवा उणे साठ-सत्तर अंश, आणि अमेरिकेत भरलेलं ‘जेट ए’ इंधन उणे चाळीसला गोठू लागतं. आपल्याकडचं ‘जेट ए-१’ उणे सत्तेचाळीसपर्यंत तग धरतं. सात अंशांचा फरक, पण तिथे तो मोलाचा. पंखांतल्या टाक्यांचं तापमान फार उतरलं तर वैमानिक विमान थोडं खाली, कमी थंड हवेत आणतो, किंवा वेग वाढवतो, म्हणजे हवेच्या घर्षणाने पंख तापतात. चुंबकीय होकायंत्र तिथे निरुपयोगी. आणि अशा वाटेवरच्या विमानात, बर्फावर उतरायची वेळ आली तर बाहेर पडून काम करता यावं म्हणून, थंडीपासून वाचवणारे दोन खास पोशाख ठेवावे लागतात. दोनच. बाकीच्यांनी शालींवर भागवायचं.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर या ओळीतला सर्वांत जड शब्द तोच. या वाटांवर ज्या ७७७-२०० एलआर विमानाने नाव काढलं, त्याचं भरून निघतानाचं कमाल वजन सुमारे ३४७ टन, आणि टाक्यांत मावणारं इंधन सुमारे १४५ टन. म्हणजे पाच भागांतले दोन भाग निव्वळ रॉकेलाच्या भावंडाचे. यातलं पुष्कळसं इंधन दुसरं इंधन वाहून नेण्यातच जळतं. सोळाव्या तासाला लागणारं तेल पहिल्या तासापासून पाठीवर असतं. म्हणून जड असताना विमान एकतीस-बत्तीस हजार फुटांवर रखडतं आणि हलकं होत जाईल तसं पायरीपायरीने वर चढतं. याच जातीच्या विमानाने २००५ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगहून लंडन गाठलं होतं. साधं अंतर दहा हजार किलोमीटरच्या आतलं. पण त्यांनी ते पूर्वेकडून, पाठच्या वाऱ्यावर, प्रशांत महासागर, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून गाठलं: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. विक्रमासाठी म्हणून ठीक. पण मला त्यात मुंबईहून ठाण्याला पुणेमार्गे जाण्याचा एक राजेशाही षोक दिसतो.

वाऱ्याइतकीच लहरी गोष्ट म्हणजे हवाई हद्द. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी-टोकियो हे अंतर त्या दिवशी एका किलोमीटरनेही वाढलं नाही. प्रवास मात्र नऊ तासांचा तेरा तासांवर गेला आणि फिनलंडची विमानं ध्रुवावरून जायला लागली. भारतीय विमानांना रशिया मोकळा राहिला, तेव्हा आपण फायद्यात. पण या फायद्यालाही दुसरी बाजू आहे. २०२३ च्या ६ जूनला दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगादान या बंदरगावी उतरलं, २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी घेऊन. ओखोत्स्क समुद्राच्या काठावरचं हे गाव एके काळी स्तालिनच्या छळछावण्यांचं प्रवेशद्वार. माणसांना शाळेच्या इमारतीत गाद्यांवर झोपावं लागलं, मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं, आणि मंडळी पोचली ती निघाल्यापासून दोन दिवसांहून जास्त वेळाने. वेळापत्रकातल्या ‘१६ तास’ या शब्दांच्या पोटात मगादान होतं, ते एरवी कुणाला दिसलं नसतं.

२०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. आता आपली ती आखूड रेघ पुन्हा पाहा: चितोडगड, हिस्सार, लेह. ती पाकिस्तानला शिवतही नाही. भूमितीला विचारलं तर मुंबई-सान फ्रान्सिस्कोला या बंदीची झळ लागायचं कारणच नव्हतं. पण हिमालयाच्या पश्चिमेकडचा वळसा गेला, उरला पूर्वेकडचा. जाताना ते चालून जातं, पाठीवर वारा असतो. येताना वारा तोंडावर आणि दार एकच. सान फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान त्यामुळे वाटेत कोलकात्याला टेकू लागलं. तिकिटावर ‘एक थांबा’ आला, परतीच्या ‘+२’ मध्ये कोलकात्यातल्या डमडमच्या धावपट्टीवरचा काळ मिसळला, आणि शेजारच्या रकान्यात अंतर मात्र तेच राहिलं, १३,५०० किलोमीटर.